पुण्याचं बंदर न्हावा-शेवा

पुण्याला समुद्र नाही, पण चाकण-तळेगावच्या कारखान्यांतला माल कंटेनरमध्ये भरून घाट उतरतो आणि उरण तालुक्यातल्या न्हावा-शेव्याला पोचतो. मुंबई बंदरावरचा ताण हलका करण्यासाठी उभारलेलं हे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनलही १९९९ मध्ये इथेच आलं.

त्याआधीचा जानेवारी १९८४ मात्र विसरता कामा नये. नवी मुंबई परिसरातल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याचं धोरण आलं, ते या लढ्यामुळेच.