श्वासनळीतली गर्दी

मुलांनो, शिफ्ट सुटल्यावर चाकणहून भोसरीकडे येणारी बस पाहिली आहे ना? आत मुंगी शिरायला जागा नसते. आता कल्पना करा, ही भरलेली बसच चहूबाजूंनी आवळत चालली तर? दारातली माणसं टपाटप बाहेर पडतील. दम्याचा झटका येतो तेव्हा आपल्या श्वासनळीत असंच घडतं, बरं का!

श्वासनळ्यांभोवती स्नायूंची वेटोळी असतात. दमा असलेल्यांच्या नळ्या भारी हळव्या. धूळ, धूर (आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात त्यांना काय तोटा!), थंड हवा, साधी सर्दी, काहीही निमित्त पुरतं. स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो आणि छातीतून सूं सूं आवाज येऊ लागतो. २०१६ साली भारतात सुमारे ३ कोटी ७९ लाख लोकांना दमा होता, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात निघाला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी त्या अभ्यासात होते.

झटका आला की निळा पंप. तो आवळलेले स्नायू सैल करतो. सूज मात्र तशीच राहते. ती कमी करायला रोज घ्यायचा दुसरा पंप असतो. काहींचा दमा एवढ्यानंही आटोक्यात येत नाही. अशा तीव्र दम्यासाठी शास्त्रज्ञांनी सूज पेटवणाऱ्या निरोप्यांवरच नेम धरला. ओमालिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २००३ मध्ये आलं, मेपोलिझुमॅब २०१५ मध्ये. २०२१ मधलं टेझेपेलुमॅब तर अस्तरातून निघणारी धोक्याची पहिली हाकच अडवतं. औषधं गुणाची, पण फार महाग.

आजवर समजूत अशी, की आधी सूज येते आणि तिच्यामुळे नळी आवळते. २०२४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जोडी रोझेनब्लॅट यांच्या गटानं याची दुसरी बाजू दाखवली. नळीच्या अस्तरात पेशी खेटून बसलेल्या असतात. दाटी झाली की एखादी पेशी बाहेर ढकलली जाते. हे रोजचंच. पण झटक्यात नळी आवळली की पेशी भराभरा बाहेर फेकल्या जातात, अस्तर उघडं पडतं आणि त्यातूनच पुन्हा सूज अन् कफ! निळ्या पंपानं नळी मोकळी झाली, तरी ही नासधूस थांबली नाही. उंदरांमध्ये गॅडोलिनियम नावाच्या धातूच्या क्षारानं ती थांबली. माणसांसाठी ते औषध अजून झालेलं नाही.

म्हणून झटका येऊच न देणं महत्त्वाचं. पालक शाळेत हमखास विचारतात, "बाई, रोजच्या पंपाची सवय लागते का हो?" नाही लागत. औषध थेट नळीत जातं, त्यामुळे मात्राही अगदी थोडी लागते. बरं वाटलं म्हणून तो आपल्या मनानं बंद करू नका. आणि मुलांनो, निळा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. मैदानावर कुणाला धाप लागली तर त्याला आडवं करू नका, ताठ बसवा, पंप द्या आणि लगेच बाईंना किंवा सरांना हाक मारा. एक वाक्यही धड बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर थेट दवाखाना गाठायचा.