परागंदा गोवेकर आणि सिल्वासाची वाट

मंडळी, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हॉलंड घेतलं, तेव्हा काही डच सैनिक निसटून इंग्लंडला गेले. तिथे त्यांची 'प्रिन्सेस आयरीन ब्रिगेड' उभी राहिली. ऑगस्ट १९४४ मध्ये ती नॉर्मंडीत उतरली आणि ८ मे १९४५ ला हेग शहरात पोचली. देश सुटलेला माणूस बंदूक घेऊन स्वतःच्याच गावात परतला. गोष्ट सरळ आहे.

आपल्या शेजारी घडलेली तशी सरळ नाही. इथे परागंदा झालेल्यांनी आधी दुसऱ्याचं गाव सोडवलं.

तलासरीच्या पलीकडे नगर हवेली, आणि तिच्यापासूनही तुटलेलं दादरा. दोन्हीकडे पोर्तुगीज अंमल. समुद्र कुठेच नाही, म्हणजे दमणहून शिपाई आणायचे तर भारताच्या हद्दीतूनच. ती वाट भारताने अडवली की आतली ठाणी एकटी पडणार. हे हेरलं ते गोव्याबाहेर राहून लढणाऱ्या गोवेकरांनी. २१ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या 'युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स'ची लहानशी तुकडी दादऱ्याच्या चौकीवर गेली. चौकीचे अधिकारी अनिसेतो रोझारियो त्यात मारले गेले. पुढे विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांचं आझाद गोमंतक दल, राजा वाकणकर आणि गायक सुधीर फडके यांच्याबरोबरचे स्वयंसेवक, शिवाय आपल्या भागातले किसान सभेचे वारली कार्यकर्ते, असे निरनिराळ्या विचारांचे लोक उतरले. त्यांचं एकमेकांशी फारसं पटत होतं असं समजू नका! श्रेय कोणाचं, हा वाद आजही मिटलेला नाही. वारल्यांना मात्र ही सरहद्द कधी फार मोठी वाटली नव्हती. दोन्हीकडे सोयरीक एकच.

२ ऑगस्टला सिल्वासा पडलं. कॅप्टन फिदाल्गो आपले शिपाई घेऊन खानवेलकडे सरकले आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आले. उधवा म्हणजे आपल्या तलासरीतलंच.

आता, हे लोक गोवेकर होते याला महत्त्व का? भारताचं लष्कर आत गेलं असतं तर ते आक्रमण ठरलं असतं. इथे पोर्तुगालच ज्यांना आपली प्रजा म्हणत होता, त्यातलेच लोक पुढे होते. पोर्तुगाल १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. ते न्यायालय नेमकं हेगलाच. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा: साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, पण सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि शस्त्रांना नाही. आणि वाट अडवण्यात भारताची चूक नाही. माझ्या मते सिल्वासाची खरी लढाई तिथेच संपली. मधली सात वर्षं तिथे स्वतंत्र कारभार चालला. पहिले प्रशासक अप्पासाहेब करमळकर, तेही गोव्याच्या चळवळीतले. ११ ऑगस्ट १९६१ ला प्रदेश भारतात आला.

आणि त्यांचं स्वतःचं घर? त्यासाठी १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला, आणि ते काम भारतीय लष्कराने केलं. परागंदा झालेले त्यानंतर मोकळेपणी घरी गेले. ज्यांच्या मागे पोर्तुगीज पोलीस होते, ते सिनारी गोव्याच्याच पोलीस खात्यात अधिकारी झाले.