खंबायतचे अकीकाचे मणी : हस्तकौशल्य आणि पुरातत्त्वीय अनुमान

उत्खननात सापडणाऱ्या मण्यांचा आकार, रंग व संख्या यांची नोंद बहुधा काटेकोरपणे केली जाते. परंतु तो मणी घडविण्यास कोणते ज्ञान व किती श्रम लागले, हा प्रश्न अशा नोंदीने सुटत नाही. त्याचे उत्तर शोधण्याचे एक साधन म्हणजे आजही चालू असलेला हस्तव्यवसाय होय. ह्या दृष्टीने गुजरातमधील खंबायत येथील अकीकाचा उद्योग विशेष अभ्यसनीय आहे.

अकीक हा सिलिकेचा सूक्ष्मकणी प्रकार आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर साचले व त्यांपासून हे गोटे बनले. पाषाण झिजल्यावर ते प्रवाहाबरोबर वाहत जाऊन गाळात रुतले. खंबायतचा कच्चा माल ज्या रतनपूरच्या खाणींतून येत आला, त्या नर्मदेच्या खोऱ्यातील अशाच थरांत आहेत. महाराष्ट्राचाही ह्या व्यापाराशी जुना संबंध आहे. ‘पेरिप्लस’ ह्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोचच्या बंदरात गाड्यांतून येणाऱ्या पट्टेदार दगडांचा उल्लेख आहे.

गोटा प्रथम उन्हात वाळवितात. कारण आत ओलावा राहिल्यास तो भट्टीत तडकतो. नंतर मातीच्या भांड्यात ठेवून त्यास मंद आच देतात. ह्या क्रियेचे दोन परिणाम होतात. दगडातील लोहाचे रूपांतर होऊन पिवळसर रंग तांबडा होतो, आणि दगडाचा कपचा अधिक सहजतेने निघू लागतो. तांबडा अकीक, म्हणजेच कार्नेलियन, पुष्कळदा अशा रीतीने मनुष्याने ‘पिकविलेला’ असतो.

घडणीची पद्धत वैशिष्ट्यपूर्ण आहे. टोकदार लोखंडी सळई जमिनीत तिरपी रोवलेली असते. कारागीर दगडाची कड त्या टोकास टेकवितो आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हलक्या हातोडीने ठोका देतो. कपचा निघतो तो हातोडीच्या बाजूने नव्हे, तर सळई टेकलेल्या ठिकाणाहून. त्यानंतर मणी घासतात, हिऱ्याच्या कणांनी जडविलेल्या बारीक सामत्याने दोन्ही टोकांकडून वेज पाडतात आणि शेवटी झिलई देतात. पूर्वी झिलईसाठी मणी व घासणारी भुकटी चामड्याच्या पिशवीत घालून ती कित्येक दिवस लोळवीत असत. पुढे ते काम विजेवर फिरणाऱ्या पिंपांकडे गेले.

ह्यांपैकी कौशल्य नेमके कोठे असते? व्हॅलेंटाइन रू, ब्लांदिन ब्रील व त्यांच्या सहकाऱ्यांनी खंबायतच्या कारागिरांच्या ठोक्यांचे मापन केले व त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. क्रियांचा क्रम साधारण कारागिरासही ठाऊक असतो. निष्णात कारागीर वेगळा ठरतो तो ठोक्याच्या नियमनाने. अकीकाऐवजी काच हाती दिली, तर तो आपला ठोका तत्काळ त्या पदार्थास जुळवून घेतो. म्हणजे हे ज्ञान शब्दांत पूर्णपणे मांडता येत नाही. ते दीर्घ अभ्यासाने हातात उतरते.

हडप्पा संस्कृतीच्या अर्थव्यवस्थेविषयी ह्यावरून महत्त्वाचे अनुमान निघते. चन्हुदडो येथे मॅके यांस १९३५–३६ च्या उत्खननात मणिकारांच्या कामाचे विपुल अवशेष मिळाले. लोथल येथेही मण्यांचा कारखाना उघडकीस आला. जोनाथन मार्क केनॉयर, मास्सिमो विदाले व कुलदीप भान यांनी १९८९ पासून खंबायतमध्ये केलेल्या अभ्यासाने अशा अवशेषांचा अर्थ लावणे सुकर झाले. हडप्पाकालीन दगडी सामत्याने केलेल्या प्रयोगांत तासाला सुमारे २.५ मिलिमीटर एवढेच वेज पडले. ह्या हिशेबाने ६ सेंटिमीटर लांबीच्या एका मण्यास केवळ वेज पाडण्यासाठी २४ तास, म्हणजे आठ तासांचे तीन दिवस, लागतात. लांब मण्यांचे पट्टे कोणाच्या कमरेस असावेत, हे मग वेगळे सांगावयास नको.

तथापि हे साधर्म्य मर्यादेतच घेतले पाहिजे. हडप्पाकाळी लोखंडी सळई नव्हती आणि सामताही दगडाचा होता. क्रियेचे तत्त्व समान मानता येते. साधने व श्रमाची गती समान मानता येत नाही.

ह्या अभ्यासाची दुसरी बाजू विसरता येणार नाही. विजेच्या सहाणेवर कोरडा अकीक घासला असता सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो. ह्या रोगावर तो मुळातून बरा करणारा उपाय नाही, आणि त्यामुळे क्षयाचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहण्यांत खंबायतच्या कामगारांत हा रोग आढळला आहे. घरातच सहाण चालत असल्याने जे घासत नाहीत, त्यांच्याही श्वासात ती धूळ जाते. यंत्राने श्रम वाचविले, पण धूळ वाढविली. पाणी सोडून घासणे आणि धूळ शोषून घेणारी योजना हे उपाय ज्ञात आहेत. उणीव आहे ती ते प्रत्येक घरापर्यंत पोहोचण्याची.

ज्या हातांच्या आधारे चार हजार वर्षांपूर्वीचा मणी वाचता येतो, ते हात टिकले नाहीत तर संग्रहालयातील मणी शिल्लक राहतील, पण त्यांचा अर्थ लावण्याचे साधन नाहीसे होईल. म्हणून अशा व्यवसायाची नोंद करताना तंत्राबरोबर कारागिराच्या आरोग्याची आणि मजुरीची नोंद करणे हेही संशोधनाचेच अंग मानले पाहिजे.