जंगलांचा श्वास आणि हवेचा हिशेब

ज्येष्ठात ग्वाल्हेरहून शिवपुरीकडे जाताना करधईची जंगले म्हणजे नुसत्या वाळक्या काटक्या वाटतात. पावसाला सुरुवात झाली की त्याच रस्त्यावर डोळे निवतात. गेल्या सहलीत एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एवढी पाने फुटली, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला ना?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना मला पार सैबेरिया-कॅनडापर्यंत जावे लागले.

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हा वायू मोजण्यास प्रारंभ केला. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. मात्र त्याचा आलेख करवतीसारखा दातेरी आहे. मे महिन्यात शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ. पृथ्वीवरील बहुतेक जमीन उत्तर गोलार्धात असल्याने तेथील उन्हाळ्यात पाने वायू ओढून घेतात आणि पुढे पालापाचोळा कुजला की तो हवेत परततो. मौना लोआवर हा चढउतार सहा-सात भागांचा. अलास्काच्या उत्तर टोकाला, बॅरो वेधशाळेत, पंधराहून अधिक.

विमानांतून केलेल्या मोजणीवरून २०१३ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, ४५ अक्षांशाच्या उत्तरेस हा चढउतार पन्नास वर्षांत सुमारे ५० टक्क्यांनी वाढला आहे. म्हणजे जंगले अधिक खोल श्वास घेऊ लागली! हे वाचून मीही प्रथम खूश झालो होतो. पण उलाढाल वाढली म्हणून दुकानदाराची शिल्लक वाढतेच असे नाही. वसंत उबदार असला की पालवी लवकर फुटते, हे खरे; शरदही उबदार गेला की मातीतले जीवाणू जास्त वायू सोडतात. त्यात वणवे. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळाले. अनेक वर्षांची जमा एका उन्हाळ्यात खर्ची पडली.

आपण जाळतो त्या इंधनातून निघणारा वायू एका वर्षात फारसा कमीजास्त होत नाही. तरीही पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ मधील उद्रेकानंतर हवेतील वाढ मंदावली, तर २०१५-१६ च्या एल निनोत ती वर्षाला सुमारे तीन भागांवर गेली. हा फरक मुख्यतः जमिनीवरच्या झाडा-मातीचा. आपण सोडलेल्या वायूपैकी जवळजवळ निम्मा जमीन व समुद्र मिळून उचलतात. या सवलतीचा भरवसा किती धरायचा, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे गोव्यात काबो द राम येथे १९९३ पासून आणि पुण्याजवळ सिंहगडावर २००९ पासून हवेचे नमुने घेतले गेले. पण पावसाळ्यात गोव्याला समुद्रावरून, थेट दक्षिण गोलार्धातून वारा येतो. आपल्या करधईने काय घेतले, हे त्याला काय ठाऊक?

म्हणून त्या विद्यार्थ्याला म्हणालो, "पावसाळ्यात ती घेते, हे तुझे बरोबर. वर्षाअखेर किती राखते, हे कळायला तिच्या माथ्यावर बाराही महिने यंत्र हवे."

त्याने लगेच विचारले, "सर, यंत्र केवढ्याला मिळते?"