पाण्यात तेल दिसलं म्हणजे हेडच गेलं?

जुन्या ट्रकच्या रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत तपकिरी, चिकट मळी दिसली, की मालवणपासून कणकवलीपर्यंत एकच निकाल ऐकू येतो: 'हेड गेला, खोलूक होया.' निकाल आधी, तपास नंतर. हेड खोलायचं म्हणजे गाडी काही दिवस उभी, शिवाय फेसिंग, नवं गॅसकेट आणि मजुरी. हे आंब्याच्या दिवसांत घडलं तर वाशीच्या फेऱ्याही बुडाल्या. एवढं करून पुन्हा पाण्यावर तेल तरंगलं, की 'गॅसकेट डुप्लिकेट होतं' असं सांगायला मेस्त्री मोकळे. वास्तविक अनेकदा दोष गॅसकेटचा नसतोच.

पहिला प्रश्न असा की ती मळी तेलाची आहे का? इंजिन पूर्ण थंड झाल्यावर थोडं पाणी पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर ठेवा. तळाशी लालसर गाळ बसला तर तो गंज. वर थर आला तर तेल. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र झाली तरी गोळे धरतात, आणि त्यात तेलाचा थेंबही नसतो. या तपासणीला एक रुपया लागत नाही. तरी ती करण्याऐवजी आधी रेडिएटर धुतला जातो आणि सगळा पुरावा गटारात जातो.

समजा तेलच निघालं. चालू इंजिनात तेलाचा दाब साधारण ३ ते ५ बार असतो. पाण्याचा दाब रेडिएटरच्या झाकणावर ठरतो आणि तो बहुधा १ बारच्या आतच राहतो. त्यामुळे दोघांमधल्या पातळ भिंतीला भोक पडलं की तेल पाण्यात घुसणार. ज्या इंजिनाला ऑइल कूलर असतो, तिथे अशी भिंत कूलरमध्ये असते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आणि पाणी मात्र तेलकट असेल, तर पहिला संशय कूलरवर घ्यायचा. तो सोडवा, तोंडं बंद करा, हवा भरून पाण्यात बुडवा. पंक्चरवाल्याच्या घमेल्यातल्या ट्यूबसारखे बुडबुडे आले की चोर सापडला. हेड गॅसकेटमधूनही तेल पाण्यात जाऊ शकतं, हे खरं. पण कूलर सोडवणं हे हेड उतरवण्यापेक्षा कितीतरी हलकं काम आहे. हलकं काम आधी करावं, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा 'पुरावा' म्हणजे पाण्यातले बुडबुडे. सिलिंडरमधला गॅस गॅसकेट ओलांडून पाण्यात आला तर बुडबुडे येतात, हे बरोबर. पण एअर ब्रेकच्या अनेक गाड्यांचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पाण्यावर थंड होतो. त्याचं छोटं गॅसकेट गेलं तरी पाण्यात हवा शिरते, आणि शिक्षा मात्र इंजिनच्या हेडला होते! कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या नळ्या थोडा वेळ वेगळ्या करून बघा. बुडबुडे थांबले तर हेडला हात लावायचं कारण नाही.

हेडवर खरोखर संशय घ्यावा अशी लक्षणंही आहेत. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होणं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर बुडबुडे वाढणं, फोंडा किंवा करूळ घाट चढताना पाणी बाहेर फेकलं जाणं. खात्रीसाठी निळ्या रसायनाची चाचणी आहे. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि तिच्यात सिलिंडरमधला गॅस असला, तर रंग हिरवट-पिवळा होतो. डिझेल इंजिन नुसतं आयडलवर ठेवून ही चाचणी करू नका. गाडीवर लोड देऊन आणा, मगच करा.

उलट दिशेची मिसळ, म्हणजे तेलात पाणी, जास्त घातक. डिपस्टिकवरच तेल दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, कारण बेअरिंगं जातील. मात्र पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत फक्त ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसतो, तो बहुधा दमट हवेचा असतो. एक लांब फेरी मारून पुन्हा बघा.

आता बारीक लीक. 'दिसत नाही म्हणजे इंजिनच पाणी पिता' हा निष्कर्षही घाईचा. गरम इंजिनवर पडलेला थेंब वाळून जातो, मागे पांढरा किंवा हिरवट डाग राहतो. थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढाच दाब द्या आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघा. काटा उतरला की टॉर्च घेऊन होजचे क्लॅम्प, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंपाखालचं छोटं भोक तपासा. हे भोक पंपाचं सील गेल्याची वर्दी द्यायला कंपनीनेच ठेवलेलं असतं. ते एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. अडलेलं पाणी मग पंपाच्या बेअरिंगमध्ये जातं.

आणि हळद! लीकवर रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय ट्रकवाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. भोक तात्पुरतं बुजतं, नाकारत नाही. पण ती पूड रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते आणि गाडी घाटात तापते. वर पिवळा गाळ असा होतो की पुढच्या माणसाला मूळ दोष ओळखता येत नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

'पिण्याचं पाणी रेडिएटरलाही चालतं.' पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्लोराइड चालतं. कॅटरपिलर आपल्या इंजिनांच्या पाण्यासाठी मर्यादा सांगते ४० मिलिग्रॅम. किनाऱ्यालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात खारटपणा वाढतो, तेव्हा विचारूच नका. डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

'कोकणात बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?' गंज थांबवायला आणि उकळबिंदू वाढवायला.

'रंग एकच म्हणजे कूलंट एकच.' रंग हा फक्त रंग. डब्यावरचं मानक वाचा.

'थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही.' काही इंजिनांत बायपास उघडा राहून उलट जास्त तापते. बाकीची थंड राहून डिझेल जाळतात.

'काटा मधे आहे म्हणजे पाणी आहे.' सेन्सर पाण्यात बुडालेला नसेल तर काटा खोटं बोलतो.

'वापरलेलं कूलंट गटारात सोडलं तरी काय बिघडतं?' इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटून मरतात.

या सगळ्या तपासणीनंतर हेड उतरवायची वेळ आलीच, तर उतरवा. पण हेडचा सपाटपणा पट्टी लावून आपल्यासमोर मोजायला सांगा आणि जुनं गॅसकेट टाकू देऊ नका. सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत जळकी काळी वाट दिसली, तर निदान बरोबर होतं. गॅसकेट धड असेल आणि हेडला तडाही नसेल, तर नवं बसवण्याआधी ऑइल कूलर पाण्यात बुडवून दाखवायला सांगा.