तांबेआजोबांचे दोनशे डॉलर

ग्रामोफोनची पेटी मी लांबूनच ओळखली. उजव्या अंगाला चावी, पुढच्या बाजूला दोन छोट्या झडपा, झाकणाच्या आत कर्ण्यात कान घालून बसलेला कुत्रा. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी माजघरात असाच एक होता आणि त्याला हात लावायची मुभा फक्त वडिलांना होती. इथे, अमेरिकेत रॉचेस्टरला, ताईच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये तो बर्फ ढकलायच्या यंत्राशेजारी पडलेला. हरखून झाकण उचललं, तर तबकडी फिरते तिथे तांब्याच्या तारेचं भलंमोठं रीळ. सुईचा दांडा कापून काढलेला. आतून वास आला जुन्या वंगणाचा, आणि त्याच्या तळाशी माशाचा.

"अरे, हे काय करून ठेवलंय?" मी भाच्याला म्हणालो.

"मामा, ते मासे धरायचं यंत्र आहे," तो म्हणाला. तेही अशा अभिमानाने, की जणू पेटीचा जन्मच त्यासाठी झाला होता.

भाचा वर्षभरापूर्वी नोकरीला लागला. पगारातला मोठा लचका कॉलेजचं कर्ज तोडतं. अशात त्याला ट्रोलिंगचा नाद लागलाय. हे त्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ताईने "कुणाला?" असं विचारलं होतं. ट्रोलिंग म्हणजे तळ्यात होडी हळूहळू चालवत ठेवायची, मागे लांब दोरीवर खोटं आमिष ओढत न्यायचं आणि माशाला ते पळतं भक्ष्य वाटावं अशी आशा धरायची. भाच्याने संगणकावर सामानाची यादी केली होती. शिशाचा गोळा खोल सोडून दोरी खाली धरून ठेवणारे डाउनरिगर दोन, मासे दाखवणारा पडदा, चार दांडे, चार रिळं, आमिषांचे डबे. बेरीज अठ्ठावीसशे डॉलर. शेजारच्या आजोबांनी ती यादी चष्मा कपाळावर ढकलून वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "दोनशे. दोनशे डॉलरच्या वर एक सेंट लावू नकोस."

हे आजोबा निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. तांब्याच्या तारेवरून भाचा घरात त्यांना 'तांबेआजोबा' म्हणतो. त्यांना याचा पत्ता नाही, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ताठ कणा आणि हिशेबाला पक्के, म्हणजे नाव शोभतंच. मी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेलो तो माशांसाठी नव्हे. त्या पेटीचं नक्की काय करतात हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

न्यूयॉर्क राज्याच्या या भागात हिमनद्यांनी कोरलेली अकरा लांबट तळी आहेत. हाताची बोटं ठेवल्यासारखी दिसतात म्हणून फिंगर लेक्स. त्यातलं सेनेका सहाशे फुटांहून खोल. तिथे वारा उठला की छोट्या होडीचं काही खरं नाही, म्हणून आजोबा क्युकाला जातात. क्युकाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, सगळ्यात खोल जागा १८० फुटांच्या वर आणि दोन्ही काठांवर द्राक्षाचे मळे. मी एका दिवसाचा परवाना काढला. बाहेरच्या माणसाला दहा डॉलर. पहाटे निघालो, सहाला पाण्यावर.

होडी चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, पोचे पडलेली. भाचा मागे इंजिनापाशी, आजोबा मधल्या फळीवर, मी पुढे. माझ्या दोन गुडघ्यांमध्ये व्हिक्ट्रोला, म्हणजे तीच ग्रामोफोनची पेटी. चावी देणं हे माझं काम.

जुन्या इंजिनाची एक खोड असते, ते हळू चालत नाही. ट्रोलिंगला तर तासाला दोन मैल पुरे. म्हणजे सव्वातीन किलोमीटर, आषाढात दिंडी याहून झपझप चालते. इंजिन अगदी बारीक केलं तरी होडी चारच्या खाली येईना. दुकानात यासाठी पाण्याची छत्री मिळते, होडीमागे सोडायची. आजोबांनी रंगाची रिकामी प्लॅस्टिकची बादली काढली, बुडाला भोकं पाडलेली, आणि दोरीने बांधून मागे सोडली. होडी वेसण ओढल्यासारखी मंदावली. भाच्याच्या मोबाइलवर आकडा दोनवर आला. बादली फुकटातली. दोनशेत धरायचीच नाही.

मग तार. उन्हाळ्यात या तळ्याचं वरचं पाणी कोमट असतं आणि लेक ट्राउट या माशाला साधारण दहा अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. मे महिन्यात विहिरीत सूर मारला की पायांना एकदम जो थंड पट्टा लागतो ना, तो पट्टा इथे खूप खाली आहे आणि मासे त्याच्याही खाली, तळाला पोट लावून. तिथवर हलकं आमिष पोचवायचं कसं? डाउनरिगर हे काम पैशाने करतो. तांबं ते स्वतःच्या वजनाने करतं. तार नुसती सोडली तरी बुडते. तारेच्या टोकाला फिरती कडी, पुढे वीसेक फूट नायलॉन, आणि शेवटी स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचा चांदीचा मुलामा दिलेला पातळ पत्रा. इतका पातळ, की दोन बोटांत वाकतो. दर पन्नास फुटांवर तारेला लाल नखपॉलिश लावलेलं. बायकोचं असावं. विचारलं नाही.

आजोबा मोजत होते. एक खूण गेली, दुसरी, तिसरी. पाचव्या खुणेनंतर त्यांनी डोळे मिटले. "टक," ते म्हणाले. मला काहीच कळलं नाही. दोनअडीचशे फूट तारेच्या पलीकडे पत्रा तळाला टेकला होता आणि ते त्यांच्या तर्जनीला कळलं होतं. त्यांनी तार हातभर वर घेतली आणि ओढायला लागले.

ती ओढ मी अजून विसरलो नाही. पाळण्याची दोरी ओढतात ना, अगदी तशी. हात पुढे जातो, तार येते, क्षणभर थांबते आणि मग हात मागे, पण ढील न देता, वजन जाणवेल एवढीच सोड. वर ओढताना पत्रा उडी मारतो, सोडताना पानासारखा भिरभिरत खाली येतो. मासा बहुधा त्या खाली येण्यालाच झडप घालतो. म्हणजे हाच हात खोली मोजतो, आमिष नाचवतो, तळाचा दगड आणि माशाचं तोंड यांतला फरकही ओळखतो. अठ्ठावीसशेच्या यादीतली निम्मी यंत्रं त्या एका मनगटात होती.

इथल्या लोकांना हे फार जुनं. रॉचेस्टरचाच सेथ ग्रीन, ज्याने १८६४ मध्ये कॅलेडोनियाला मत्स्यबीज केंद्र काढलं, त्याच्या नावाचा हाताने ओढायचा ट्रोलिंगचा दोर अजून या तळ्यांवर वापरतात. आणि गरिबीतून निघालेलं सगळं गरिबांपाशीच राहतं असंही नाही. भाच्याच्या डब्यात रापाला कंपनीची आमिषं होती. फिनलंडचा लाउरी रापाला हा कोळी. होडी वल्हवताना त्याच्या लक्षात आलं, की मोठा मासा थव्यातल्या लंगडत पोहणाऱ्या पिल्लावरच झडप घालतो. १९३६ मध्ये त्याने बुचाचं तसं पिल्लू कोरलं, चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलं आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. घरातली रद्दीच ती. आज तेच नाव छापलेलं एकेक आमिष भाचा विकत घेतो आणि तळाच्या दगडात घालवतो.

तासाभराने आजोबांनी तार माझ्या हातात दिली. सुरुवातीची पाचदहा मिनिटं बरी गेली. मग दुरून एका मोटरबोटीची लाट आली, मी तोल सावरायला हात सोडला आणि तार ढिली पडली. तांब्याच्या तारेला ढील म्हणजे शाप. तिला मुरड पडते आणि मुरड पडली की ती तिथेच तुटते. आजोबा ओरडले, मी घाबरून हिसका दिला, आणि हातात आली फक्त हलकी तार. स्पून क्युकाच्या तळाला.

भाच्याने खिशातून डायरी काढून लिहिलं, 'स्पून, ८ डॉलर, मामा.'

तेव्हाच पेटीचं कोडं सुटलं. आजोबा उरलेली तार हाताने वर ओढत होते आणि मी खटका सोडताच पेटीतली स्प्रिंग रीळ फिरवू लागली. आजोबा जेवढी तार ओढत होते तेवढीच ती गिळत होती, ना जास्त ना कमी. ताण एकसारखा, मुरडीला जागाच नाही. मासा ओढायचं बळ त्या स्प्रिंगमध्ये नाही, तो हातानेच ओढावा लागतो. तिचं काम फक्त पायाशी तारेचा गुंता होऊ न देणं. ग्रामोफोनची गती कायम राखायला कुणीतरी जे डोकं लढवलं होतं, ते इथे पाण्यावर जसंच्या तसं कामी येत होतं. माझा राग तिथेच थोडा उतरला. सगळा नाही.

नवा स्पून बांधून तार पुन्हा तळाला गेली, पण दोनशे डॉलरचा हिशेब मला पटत नव्हता. मी विचारलं, होडी दोनशेत? नाही. ती ऑक्टोबरात घ्यायची, बर्फ पडायच्या आधी, कुणाला सांभाळायची नसते तेव्हा स्वस्तात सुटते. लाइफ जॅकेट? "तो जीव, सामान नव्हे," आजोबा म्हणाले. इंजिन? ते लावलं की होडीची नोंदणी आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र दोन्ही आलं, म्हणून भाच्याने पहिलं वर्ष वल्ह्यांवर काढायचं. पेट्रोल, परवाना, व्हिक्ट्रोला? व्हिक्ट्रोला सासऱ्यांची. म्हणजे दोनशेत काय, तर तार, पत्रे, कड्या, नायलॉन, हातजाळं, पाण्याचं तापमान बघायला काचेचा थर्मामीटर आणि सेकंडहँड बर्फपेटी. बाकीचं ज्याला जावईपण लाभलं त्याच्या नशिबात. शिवाय चाळीस उन्हाळे मनगट घडवलंय ते वेगळंच. आपल्याकडेही 'मी तर शून्यातून उभा राहिलो' सांगणाऱ्यांच्या शून्यात बहुतेकदा वडिलांचं घर असतं.

हे बोललो नाही. कारण आजोबांचा हात मध्येच थांबला होता.

दगड नव्हता. त्यांनी तार दोन्ही हातांनी, न घाई करता, ओंजळीओंजळीने आत घ्यायला सुरुवात केली. मी खटका सोडला, पेटी गुरगुरायला लागली. लाल खुणा एकेक करून आत येत होत्या. "पाण्याकडे बघ," भाचा म्हणाला. होडीच्या मागे, सपाट पाण्यावर, बुडबुडे आले. आधी दोनचार, मग मूठभर, शेंगदाण्याएवढे. मासा अजून दिसतही नव्हता.

लेक ट्राउटच्या पोटातली हवेची पिशवी घशाकडे उघडते. खोलातून वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, पिशवी फुगते आणि मासा हवा सोडत येतो. "ढेकर दिला," असं आजोबांच्या भाषेत. मी बालपणी गरीवर मासे धरले आहेत, पण येण्याआधी वर्दी देणारा मासा पाहिला नव्हता. ते बुडबुडे फुटून पाणी पुन्हा सपाट झालं आणि मग खाली हिरव्यात काहीतरी पांढुरकं वळलं.

बावीस इंचांचा निघाला. करड्या अंगावर फिकट ठिपके. हातजाळं, बर्फ, बस्स. पुढचे दोन तास काही लागलं नाही. ताईने त्याचं आमसुलं घालून तिखलं केलं. मासा तेलकट, बांगड्याच्या जातीचा वाटला. भाच्याने दोन वेळा भात घेतला.

संध्याकाळी आजोबांकडे तार धुवून पुसायला बसलो तेव्हा राहवलं नाही. विचारलं, पेटीबरोबरच्या तबकड्यांचं काय झालं?

ते हसले. सासऱ्यांनी सुईचा दांडा कापला त्या दिवसापासून सासूबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. तबकड्या मात्र त्यांनी फेकू दिल्या नाहीत. तळघरात दोन खोकी अजून आहेत.