स्पोर्ट्स कारची हिवाळी साठवण

स्पोर्ट्स कारची हिवाळी साठवण म्हणजे थंड हवामानाच्या प्रदेशांत वेगवान, कमी वापराची आणि बहुधा महागडी मोटार हिवाळ्याचे चार ते सहा महिने रस्त्यावर न आणता बंदिस्त जागी सुरक्षित ठेवणे आणि त्यासाठी आवश्यक ती पूर्वतयारी करणे होय. ही पद्धत प्रामुख्याने जर्मनी, स्वित्झर्लंड, स्कँडिनेव्हियातील देश, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत रूढ आहे. मोटार चालवल्यामुळे झिजते हे सर्वांना ठाऊक असते. ती नुसती उभी राहिल्यामुळेही बिघडते, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. साठवणीच्या काळातील बरेचसे नुकसान थंडीपेक्षा ओलाव्यामुळे होते आणि काही नुकसान तर मालकाने चांगल्या हेतूने केलेल्या उपायांमुळेच ओढवते.

कारणे

बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची प्रथा अमेरिकेत १९४० च्या दशकापासून पसरत गेली आणि पुढे युरोपातही सर्वत्र रूढ झाली. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. योग्य प्रमाणातील खारे पाणी उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे ९ अंशांच्या खाली मिठाचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरले जाते. ही तिन्ही लवणे पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या क्षरणाला गती देतात. स्पोर्ट्स कार जमिनीला लगटून धावते, त्यामुळे तिच्या तळाला या खाऱ्या चिखलाचा मारा अधिक बसतो.

दुसरे कारण टायरचे आहे. अशा मोटारींना बसवलेल्या उन्हाळी टायरचे रबर उष्ण, कोरड्या रस्त्यावर पकड मिळावी अशा बेताने बनवलेले असते. तापमान सुमारे ७ अंशांच्या खाली गेले की ते कडक होऊ लागते व पकड घटते. याहून अधिक थंडीत रबराला तडे जाऊ शकतात. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या मालकपुस्तिकेत उणे ७ अंशांच्या खाली अशा टायरचा पृष्ठभाग तडकू शकतो असा इशारा दिलेला आहे. येथे केवळ चालवण्याचा प्रश्न नसतो. उघड्या शेडमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या गाडीलाही हाच नियम लागू पडतो; कडाक्याच्या थंडीत गाडी जागची हलवली तरी गोठलेल्या रबराला इजा होऊ शकते.

जागेची निवड आणि ओलावा

हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. त्यामुळे साठवणीच्या जागेत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न केला जातो. ती फार कमी करणेही हितावह नसते, कारण अति कोरड्या हवेत आसनांचे चामडे व रबरी पट्ट्या सुकून भेगाळतात.

हा हिशेब स्वच्छ धातूसाठी आहे. गाडीवर लवण चिकटलेले असेल तर तो पूर्णपणे बदलतो. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील बाष्प शोषून घेते आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे ३३ टक्के असली तरी स्वतःच विरघळून खारट द्रव बनते. म्हणजेच माणसाला कोरड्या ठणठणीत वाटणाऱ्या गॅरेजमध्येही न धुतलेल्या गाडीचा तळ संपूर्ण हिवाळाभर ओला राहू शकतो. यामुळे साठवणीपूर्वी गाडी धुण्यात रंगकामापेक्षा तळ, चाकांच्या कमानी आणि सांधे यांना अधिक महत्त्व आहे. धुतल्यानंतर काही किलोमीटर चालवून ब्रेक व कानाकोपरे कोरडे करतात, मग वरून मेण लावतात. पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक रंगाला डाग पाडतात, म्हणून तेही या वेळी काढून टाकले जातात.

गॅरेज उबदार असावे की थंड, यावर वाहनप्रेमींत मतभेद आढळतात. उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, त्यामुळे मीठ लागलेली ओली गाडी उबदार गॅरेजात ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो. स्वच्छ व कोरड्या गाडीसाठी तापमान कमी की जास्त यापेक्षा ते स्थिर असणे महत्त्वाचे आहे. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते; शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. रात्रभर गारठलेल्या गाडीवर एखाद्या उबदार, दमट दिवशी बाहेरची हवा आली की जास्तीचे बाष्प धातूवर दवासारखे साचते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकच्या चकत्या यांसारखे जड भाग उशिरा तापतात, म्हणून दव त्यांच्यावरच अधिक काळ टिकते. हिवाळा संपताना, बर्फ वितळण्याच्या दिवसांत गॅरेजचे दार तासन्‌तास उघडे ठेवणे याच कारणामुळे टाळले जाते.

काँक्रीटच्या जमिनीतूनही ओल वर येते. ती अडवण्यासाठी गाडीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. गाडीवर मात्र प्लास्टिक टाकू नये, कारण त्याखाली बाष्प कोंडते. हवा खेळती ठेवणारे कापडी आच्छादन वापरावे लागते. बंद जागेत आर्द्रता घटवणारे विद्युत यंत्र सर्वाधिक उपयोगी पडते. सिलिका जेलच्या पुड्या गाडीच्या अंतर्भागापुरत्या ठीक असल्या तरी पूर्ण गॅरेजसाठी त्यांचा परिणाम नगण्य असतो. कापडी छताच्या गाडीचे छत पूर्ण वाळवून उभारलेल्या स्थितीत ठेवतात. दुमडून ठेवल्यास घड्यांवर कायमच्या खुणा पडतात.

इंधन

साठवणीपूर्वी पेट्रोलची टाकी जवळजवळ पूर्ण भरण्याची शिफारस केली जाते. टाकीत मोकळी जागा कमी राहिली की तीत दमट हवाही कमी राहते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचे प्रमाण सुमारे अर्ध्या टक्क्यावर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र येऊन तळाशी वेगळा थर तयार होतो. तापमान उतरते तशी ही मर्यादाही खाली येते. वेगळे झालेले मिश्रण इंधनपंपात गेल्यास इंजिन सुरू होत नाही आणि धातूचे भागही गंजतात. पेट्रोल हवेच्या संपर्काने हळूहळू चिकटही बनते. त्याला आळा घालणारे स्थिरक द्रव्य टाकीत घातल्यावर इंजिन काही मिनिटे चालवावे लागते, अन्यथा ते द्रव्य नळ्यांपर्यंत व इंजेक्टरपर्यंत पोहोचतच नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा प्रश्न विशेष तीव्र असतो.

इंजिन ऑइल आणि अधूनमधून इंजिन सुरू करण्याची सवय

वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ले, पाणी व न जळलेले इंधन मिसळलेले असते. ते चार-पाच महिने बेअरिंगच्या संपर्कात राहू नये म्हणून ऑइल साठवणीच्या आधी बदलणे योग्य समजले जाते.

दर आठवड्याला गॅरेजमध्ये जाऊन पाच-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय अनेकांना असते आणि ती गाडीच्या हिताची आहे असा सर्वत्र समज आहे. वस्तुतः एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन रस्त्यावर पुरेसे तापले तर हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. जागेवर थोडा वेळ चाललेल्या इंजिनात मात्र त्याचा काही भाग एक्झॉस्टच्या नळीत व सायलेन्सरमध्ये साचतो, तर काही क्रँककेसमधील ऑइलमध्ये मिसळतो. शिवाय थंड इंजिनाला इंधन जास्त लागते आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन काढते. स्टार्टर फिरवताना बॅटरीतून गेलेली ऊर्जाही एवढ्या अवधीत पूर्ण भरून येत नाही. त्यामुळे एकतर गाडी किमान अर्धा तास रस्त्यावर चालवावी किंवा वसंत ऋतूपर्यंत तिला हातच लावू नये, असा सल्ला दिला जातो.

या सवयीत जिवाचा धोकाही आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. बंद गॅरेजमध्ये थोड्या मिनिटांतच तो घातक पातळी गाठू शकतो. घराला जोडून असलेल्या गॅरेजमधून तो राहत्या खोल्यांत शिरतो. दार उघडे ठेवणे ही खात्रीची खबरदारी मानली जात नाही. बाहेर कडाक्याची थंडी असताना घराच्या खिडक्या बंद असतात, त्यामुळे धोका वाढतो.

शीतक द्रव

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनचा ठोकळासुद्धा फोडू शकते. म्हणून शीतकात इथिलीन ग्लायकोल मिसळतात. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल असे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. शुद्ध ग्लायकोल मात्र उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, त्यामुळे केवळ ग्लायकोलच ओतत राहिल्याने संरक्षण वाढत नाही. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असल्याने जमिनीवर सांडलेला द्रव कुत्री-मांजरे चाटून दगावतात. १९९८ पर्यंत बनलेल्या हवाशीतित पोर्शे ९११ गाड्यांत शीतक द्रव नसल्याने त्यांचे मालक या एका काळजीतून मुक्त असतात.

बॅटरी

बंद गाडीतही गजर, कुलपे व संगणक थोडी वीज घेत असतात. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत निम्मी उतरते. शिसे-आम्ल बॅटरी उतरलेल्या स्थितीत राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमून तिची क्षमता कायमची घटते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत ते बव्हंशी पाणीच उरते आणि उणे १० अंशांच्या आसपास गोठून बॅटरी फुटू शकते. चांगल्या स्थितीतील १२ व्होल्टच्या बॅटरीचा विश्रांतीतील दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो.

यावरील उपाय म्हणजे दाब ओळखून आपोआप प्रवाह कमी-जास्त करणारा देखभाल-चार्जर कायम जोडून ठेवणे. फेरारीसारखे उत्पादक असा चार्जर गाडीबरोबरच देतात. गाडीत लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीच बनवलेला चार्जर लागतो. बॅटरी सोडवून ठेवणे हा सोपा पर्याय असला तरी काही गाड्यांत तो अडचणीचा ठरतो. पोर्शे ९११ च्या ९९७ या पिढीत बॅटरी पुढील झाकणाखाली असून झाकणाची कडी विजेवर चालते. बॅटरी पूर्ण उतरली की बॅटरीपर्यंतच पोहोचता येत नाही. अशा वेळी चालकाच्या पायांजवळील फ्यूजपेटीतून बाहेर ओढता येणाऱ्या टोकाला तात्पुरती वीज देऊन झाकण उघडावे लागते.

टायर, ब्रेक व उंदीर

एकाच जागी उभ्या गाडीचे टायर जमिनीला टेकलेल्या भागात चपटे होतात. हा दोष बहुतेक वेळा काही किलोमीटर चालवल्यावर निघून जातो, पण कमी हवेच्या टायरमध्ये तो कायम राहू शकतो. तापमान दर ५.५ अंशांनी उतरले की टायरमधील दाब सुमारे १ पीएसआयने घटतो, म्हणून साठवताना नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरतात. गाडी जॅक स्टँडवर चढवून चाके अधांतरी ठेवण्याची जुनी पद्धत आता तितकी पसंत केली जात नाही, कारण त्यात सस्पेन्शन महिनोन्‌महिने लोंबकळत्या स्थितीत राहते.

हँडब्रेक ओढून ठेवल्यास ब्रेकची पॅडे चकत्यांना गंजाने चिकटतात. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावले जातात. ब्रेक ऑइलही हवेतील पाणी शोषते: डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, तर पाणी मुरल्यानंतरची मर्यादा १५५ अंश आहे. वेगवान गाडीत हा फरक जिवावर बेतू शकतो.

उबेच्या शोधात आलेले उंदीर हवेच्या गाळणीत घरटी करतात आणि वायरी कुरतडतात. हवा आत घेणारी तोंडे व एक्झॉस्टची नळी तारेच्या घासणीने बंद करणे आणि वसंतात ती काढण्याची आठवण म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधणे ही सर्वत्र आढळणारी युक्ती आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास चामड्यातून वर्षानुवर्षे जात नाही, म्हणून त्या गाडीच्या आत ठेवणे टाळतात.

नोंदणी व विमा

जर्मनीत १९९७ पासून हंगामी क्रमांकपट्टी मिळते. तिच्या उजव्या टोकाला आरंभीचा महिना वर आणि अखेरचा महिना खाली छापलेला असतो. हा काळ किमान २ व कमाल ११ महिन्यांचा असतो आणि कर त्या प्रमाणातच भरावा लागतो. हंगामाबाहेर अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता तर येत नाहीच, पण उभीही करता येत नाही. ब्रिटनमध्ये वाहन रस्त्यावर नसल्याची अधिकृत नोंद करण्याची पद्धत १९९८ पासून आहे. विमा पूर्णपणे बंद करणे सहसा शहाणपणाचे ठरत नाही, कारण आग, चोरी किंवा छप्पर कोसळणे हे धोके गॅरेजमध्येही असतात.

पुन्हा वापरात आणणे

तापमान वाढले तरी रस्त्यावरील मीठ लगेच जात नाही. एक-दोन जोरदार पावसांनी रस्ते धुतले जाईपर्यंत थांबण्याची प्रथा आहे. नळ्या व तोंडे मोकळी करणे, द्रवांच्या पातळ्या आणि टायरचा दाब तपासणे, ब्रेकचे पेडल घट्ट लागते का हे पाहणे, ही कामे इंजिन सुरू करण्याआधी केली जातात. ब्रेकच्या चकत्यांवर आलेला पातळ गंज पहिल्या काही ब्रेकांत निघतो. पहिले काही किलोमीटर सावकाश चालवतात, कारण टायरचा चपटेपणा व रबराचा थंडपणा जायला वेळ लागतो.

भारतातील परिस्थिती

महाराष्ट्र व गोव्यात हिवाळा हाच मोकळ्या छताच्या आणि जुन्या गाड्या बाहेर काढण्याचा उत्तम हंगाम असतो. येथे साठवणीचा प्रश्न पावसाळ्यात उद्भवतो. जुलै महिन्यात मुंबईची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते आणि किनाऱ्यावरील हवा खारट असते. त्यामुळे गोठण्याचा धोका नसला तरी गंज, चामड्यावरील बुरशी, उतरलेली बॅटरी आणि उंदीर यांबाबत वरील बहुतेक उपाय लागू पडतात. २०२५ साली भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या पातळीवर पोहोचले. त्यातील काही वाटा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडून येतो. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व कार्ब्युरेटर अशा इंधनासाठी बनवलेले नसल्याने त्यांच्या टाकीत ते पावसाळाभर तसेच राहू देणे जोखमीचे असते.